पदरमोडीचे संशोधन : शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

दिवसभर वर्ग घ्यायचे, संध्याकाळी घरचे बघायचे आणि रात्री सगळी निजानीज झाली की वाचायला बसायचे, अशा रीतीने पीएच.डी. करणारी माणसे महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांना छात्रवृत्ती नसते. विद्यापीठाचे शुल्क, प्रवास, पुस्तके, टंकलेखन, बांधणी हे सगळे पगारातून जाते. शिक्षणशास्त्रात तर हे नेहमीचेच आहे, कारण या विषयाकडे माणूस बहुधा उशिरा वळतो. आधी बी.एड., मग नोकरी, जमेल तेव्हा एम.एड. आणि काही वर्षे वर्ग सांभाळल्यावर मनात घर करून बसलेला एखादा प्रश्न. हे पुस्तक अशा अभ्यासकांसाठी लिहिले आहे. तुमचे येथे मनापासून स्वागत आहे, आणि तुमच्यावाचून या विषयाचे चालणार नाही, हे मला पहिल्याच पानावर सांगायचे आहे.

हे मुद्दाम सांगावे लागते, कारण छात्रवृत्ती मिळवतो तो खरा संशोधक आणि पदरमोड करतो तो नावापुढे ‘डॉ.’ लावायला आलेला, असा एक समज आपल्याकडे मुरला आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्याही योजना आहेत. जे त्यांत बसतात त्यांनी त्या जरूर घ्याव्यात, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. पण या योजना नोकरी सोडून पूर्णवेळ संशोधन करणाऱ्यांसाठी आहेत. त्यांतून वेळ मिळतो, वर्ग मिळत नाही. आणि शिक्षणाचा अभ्यास शेवटी वर्गात जाऊनच करावा लागतो.

आपल्याकडे या ज्ञानशाखेचा विद्यापीठीय इतिहास तसा अलीकडचा. मुंबई विद्यापीठाने १९३६ साली एम.एड. सुरू केले आणि १९४३ साली शिक्षणशास्त्रातली देशातली पहिली पीएच.डी. त्याच विद्यापीठाने दिली. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात एम. बी. बूच यांनी देशभरातल्या शैक्षणिक संशोधनाचा आढावा घ्यायचे काम अंगावर घेतले. त्याचा पहिला खंड १९७४ साली निघाला. नव्या अभ्यासकाने हे आढावे एकदा तरी चाळावेत. आपला प्रश्न कोणी, कधी, कुठवर नेला होता हे त्यांतून कळते.

पण शिक्षणाबद्दलचे ज्ञान महाराष्ट्रात विद्यापीठांच्या आधीपासून तयार होत आले आहे, आणि ते तयार करणारे लोक मुलांमध्ये वावरणारे होते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला निवेदन दिले, तेव्हा त्यामागे १८४८ पासूनचा शाळा चालवण्याचा अनुभव होता. सरकारी तिजोरी रयतेच्या कष्टावर भरते आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हे त्यांनी मांडले. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, असे सुचवले. निरीक्षण, त्यावरून काढलेला निष्कर्ष आणि त्यावर आधारलेली शिफारस, ही तिन्ही त्या निवेदनात आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि काम पुढे कोसबाडला गेले. शाळेत मुले येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली ती अंगणवाडी. गुरे राखणारी मुले सापडावीत म्हणून वर्ग कुरणात भरवला ती कुरणशाळा. ‘मुले का येत नाहीत’ हा प्रश्न या दोघींनी प्रश्नावली वाटून सोडवला नाही. मुलांचा दिवस कसा जातो ते पाहिले आणि त्याप्रमाणे शाळेची जागा, वेळ आणि साधने बदलली. पाड्यातल्या शिक्षिकेला किंवा वस्तीशाळेवर काम केलेल्या शिक्षकाला मी या परंपरेचा वारस मानतो.

आता आजच्या प्रबंधांकडे वळू. विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचायला मिळतात. तेथे शिक्षणशास्त्राचे मराठी प्रबंध बघत गेले की एक साचा पुन्हा पुन्हा दिसतो. भावनिक बुद्धिमत्ता आणि शैक्षणिक संपादन यांतला सहसंबंध, किंवा एखाद्या अध्यापन प्रतिमानाची परिणामकारकता. जिल्हा बदलतो, इयत्ता बदलते, प्रश्नावली तीच राहते. असे का होते ते मला समजते. नोकरी करणाऱ्याकडे वेळ थोडा असतो, तयार चाचणी हाताशी असते, आणि दोन-तीन शनिवारांत पाच शाळांमधून कागद भरून आणता येतात. पण स्वतःच्या घामाचा पैसा घालून जर हे करायचे, तर प्रश्नही स्वतःचा असावा. माझा सारा आग्रह एवढाच आहे.

स्वतःचा प्रश्न कसा दिसतो ते एका उदाहरणाने सांगतो. तिसरीतला मुलगा वाचतो आहे. बदकाचे चित्र, खाली शब्द. तो बोट ठेवून ‘ब’, ‘द’, ‘क’ असे बरोबर म्हणतो, क्षणभर थांबतो, आणि मान वर करून ठामपणे ‘बतक’ म्हणतो. चाचणीच्या तक्त्यात हे उत्तर चूक. बाईंना मात्र ठाऊक आहे की याच्या घरी बतकच म्हणतात. त्या चित्रावर हात ठेवतात आणि पुन्हा वाचायला सांगतात. आता तो ‘ब’, ‘द’, ‘क’ यांपाशीच अडकतो. म्हणजे अक्षरे येतात, अर्थ चित्रावरून येतो, आणि मधला सांधा, जिथे अक्षरांचा शब्द होतो, तो अजून जुळलेला नाही. चूक नेमकी कुठे आहे, आणि उद्या या मुलाबरोबर काय करायचे, हे चित्रावर हात ठेवल्यामुळे कळले. कुठल्याही छापील प्रश्नावलीत ही नोंद येणार नाही. बाई ती रोज करू शकतात.

या प्रश्नाला मोठ्या अभ्यासांची जोडही आहे. पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातले यादगीर येथे पहिली ते तिसरीच्या मुलांचे वाचन-लेखन काही वर्षे सलग पाहणारा अभ्यास झाला. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरे आणि बाराखडी यांवरच जातो, तेवढे करूनही बरीच मुले तिसरीपर्यंत सहज वाचू लागत नाहीत, आणि अर्थाचा भाग पुढे ढकलला जातो, असे त्यातून दिसले. त्याआधी फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी तिथल्या मराठी बोलीच्या सामाजिक भेदांवर प्रबंध लिहिला आणि मग त्याच गावात प्रगत शिक्षण संस्था उभी करून मुलांना वाचायला कसे शिकवावे याची पद्धत घडवली. कपाटात न राहता शाळा झालेला प्रबंध कोणाला पाहायचा असेल, तर मी फलटणकडे बोट दाखवीन.

दुसरे उदाहरण बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो आणि वर्गातले बाक रिकामे होतात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांपाशी, काही आईबापांबरोबर फडावर जातात. या तीन तऱ्हांच्या मुलांचे पुढे काय होते? बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाला हे शोधायचे तर ओळखी करून घेण्यातच एक हंगाम जाईल. गावातल्या शिक्षकाच्या कपाटात मात्र मागच्या अनेक वर्षांचे हजेरीपट आणि निकालपत्रके आहेत, आणि कोणते घर कोणत्या मुकादमाबरोबर जाते हेही त्याला माहीत आहे. पदरमोड करणाऱ्या संशोधकाची श्रीमंती ती हीच.

या श्रीमंतीबरोबर एक जबाबदारी येते, आणि तिच्याबद्दल आपल्या विद्यापीठांत फार कमी बोलले जाते. तुमचा विद्यार्थी तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकत नाही. गुरुजींनी कागद दिला की तो भरतो, मुलाखतीला बसवले की बसतो, आणि गुरुजींना जे ऐकायला आवडेल ते सांगतो. पालकही भिडेपोटी सही करतात. म्हणून संमती शक्यतो दुसऱ्या कोणीतरी घ्यावी, नकार दिला तर गुणांवर किंवा वागणुकीवर काही परिणाम होणार नाही हे पालकांना त्यांच्या बोलीत सांगावे, मुलांची आणि गावाची नावे बदलावीत. हजेरीपट रोज तुमच्या हातात असला तरी संशोधनासाठी तो वापरायला मुख्याध्यापकांची लेखी परवानगी लागते. शिवाय स्वतःच्या वर्गाकडे तटस्थपणे बघणे अवघड असते. एखाद्या सहकाऱ्याला महिन्यातून एकदा वर्गात बसवून त्याची टिपणे आपल्या टिपणांशी ताडून पाहिली, तर आपल्या नजरेतून काय सुटते ते लवकर लक्षात येते.

नियमांबद्दल थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षे आहेत. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्याहून २ वर्षांची जादा सवलत आहे, आणि महिलांना संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. अर्धवेळ पीएच.डी. या विनियमांना मान्य आहे, मात्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीची नाही. अर्धवेळ प्रवेशासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. अभ्यासाला पुरेसा वेळ देता येईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केले जाईल, असे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी हा कागद प्रवेशाच्या आधीच मागायला लागावे, कारण तो टेबलाटेबलांवरून फिरत येतो. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती या विनियमांत राहिलेली नाही, पण काही विद्यापीठांचे स्वतःचे नियम असतात, ते विचारून घ्यावेत.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडे पूर्वी झालेले दोन-तीन प्रबंध आधी वाचा. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरला असेल तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आता पैसा. घरात याबद्दल पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलावे. विद्यापीठाकडून वार्षिक शुल्काबरोबरच प्रबंध सादर करण्याचे शुल्क आणि पुनर्नोंदणीचे शुल्क असे सगळे लेखी घ्या. शेवटच्या वर्षी एकदम अंगावर येतात ते हेच आकडे. सर्वांत मोठा खर्च बहुधा कोणत्याच पावतीवर नसतो. तो असतो बिनपगारी रजेचा, आणि माहिती गोळा करायला जेवढे दिवस लागतील तेवढ्यांचा हिशेब आधी मांडून ठेवावा. उलट काही खर्च टाळता येतात. संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी आर आणि जमोवी, संदर्भ नीट ठेवण्यासाठी झोटेरो ही साधने फुकट आहेत. युनिकोड मराठी टंकलेखन थोड्या सरावाने हाताला बसते, आणि ते आले की प्रत्येक दुरुस्तीसाठी टायपिंगच्या दुकानात जावे लागत नाही.

एक खर्च मात्र कधीही करू नये. ‘विश्लेषण करून देतो’, ‘प्रकरणे लिहून देतो’, ‘आठवड्यात पेपर छापून देतो’ असे सांगणारी माणसे तुम्हाला भेटतील. दमलेल्या, मुलाबाळांच्या माणसाला तो मोह होतो हे मी समजू शकतो. पण तुमची रात्रीची झोप, घरच्यांचे रविवार आणि पगाराचा वाटा ज्या प्रश्नासाठी गेला, त्याचे उत्तर शोधायची वेळ आली की ती लेखणी दुसऱ्याच्या हाती देणे, यात तुमचेच सगळ्यांत मोठे नुकसान आहे. अडलात तर थांबा, मुदत वाढवून घ्या, मार्गदर्शकांना सांगा. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला काम मांडायचे असते. ‘येथे माझे अडले आहे’ हे तिथे सांगता येते आणि सांगावे.

शक्य असेल तर प्रबंध मराठीत लिहा. ज्या मुलांबद्दल, शिक्षकांबद्दल आणि पालकांबद्दल तो आहे, त्यांना तो वाचता आला पाहिजे.

पुढची प्रकरणे प्रश्न कसा निवडावा येथपासून मौखिक परीक्षेपर्यंत जातात. ती क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही, ज्या टप्प्यावर असाल तेथून सुरू करा. माझी एक विनंती मात्र सर्वांना आहे. पदवी हाती आली की प्रबंधाचे सार आठ-दहा पानांत, साध्या मराठीत लिहा. ज्या शाळांनी तुम्हाला दारे उघडी करून दिली त्या प्रत्येक शाळेत ते घेऊन जा, केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचून दाखवा, आणि तिथल्या शिक्षकांना त्यात काय पटत नाही ते लिहून घ्या.