खोब्रागडे म्हणजे नेमके कोण?

जुनी कागदपत्रे स्कॅन होऊन आता मोबाईलवर आली आहेत. ‘खोब्रागडे’ टाकले की पानेच पाने उघडतात. त्यातले खोब्रागडे कोणते, हे मात्र यंत्र सांगत नाही आणि आपले काही कार्यकर्ते सगळेच बॅरिस्टर राजाभाऊंच्या खात्यावर जमा करून मोकळे होतात. यात राजाभाऊंचा सन्मान नाही, इतरांचा इतिहास मात्र पुसला जातो.

आमच्या एकट्या चंद्रपूर जिल्ह्यातलेच बघा. चळवळीतले देवाजीबापू खोब्रागडे. त्यांचे पुत्र राजाभाऊ, म्हणजे कागदोपत्री भाऊराव देवाजी, १९६९ ते १९७२ राज्यसभेचे उपसभापती. आणि नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी रामाजी खोब्रागडे, एचएमटी धानाचे वाण शोधणारे शेतकरी. आडनाव एकच, म्हणून ओळख पटते ती मधल्या नावावरून, म्हणजे बापाच्या नावावरून. ‘बी. डी.’ मधला ‘डी’ देवाजींचा आहे.

नुसत्या पहिल्या नावानेही भागत नाही. नाशिकचे दादासाहेब गायकवाड हेही भाऊरावच! १९६२ ते १९६४ या काळात दोन्ही भाऊराव राज्यसभेत होते, दोघेही रिपब्लिकन. एक ‘बी. के.’, दुसरे ‘बी. डी.’. इंग्रजी अहवालात नुसते ‘गायकवाड’ आले तर आधी साल बघा. १९१३ च्या शिष्यवृत्तीच्या संदर्भातले गायकवाड बडोद्याचे महाराज सयाजीराव असतात, रिपब्लिकन पक्षाच्या फुटीतले गायकवाड दादासाहेब.

गावाच्या नावांचेही तसेच. १६ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा शोधताना ‘चांदा’ही टाकावे लागते, कारण चंद्रपूर हे नाव १९६४ चे. गडचिरोली जिल्हा तर १९८२ चा, म्हणजे त्याआधीचे अहेरी, सिरोंचा, आरमोरी सगळे चांद्यातच सापडणार. इंग्रजीत खोब्रागडेंचे स्पेलिंगही कुठे ‘खोब्रागडे’, तर कुठे ‘खोबरागडे’ असे. दोन्ही टाकून पाहा.

‘नेहरू’ म्हटले की मोतीलाल की जवाहरलाल, हे ठरवायला आयत्या सूच्या आहेत, चरित्रे आहेत. आपल्या तालुक्यातल्या माणसांची सूची आपल्यालाच करावी लागेल: नाव, बापाचे नाव, गाव, साल, पद, आणि ओळख कशावरून पटली ते.

‘सौ. खोब्रागडे’ एवढेच छापलेल्या बाईला तर आद्याक्षरही मिळत नाही. तिथे पीडीएफ बंद करून गावातल्या म्हाताऱ्यांकडेच जावे लागते, आणि ते फार दिवस थांबणारे नाहीत.