चांभारगोंद्याची रयत आणि दोन फौजा

एप्रिल १६५७. दख्खनचा सुभेदार शाहजादा औरंगजेब नुकताच बीदर घेऊन आदिलशाही मुलखात गुंतला होता. ही संधी साधून शिवाजी महाराजांचा सरदार मिनाजी भोसले तीन हजार घोडेस्वारांनिशी भीमा उतरला. काशी नावाचा दुसरा मराठा सरदारही त्याच सुमारास नदीपार आला. चांभारगोंदे आणि राशीन या परगण्यांतली मोगली गावे त्यांनी लुटली. चांभारगोंदे म्हणजे आजचे श्रीगोंदा, तर राशीन कर्जत तालुक्यात.

ही हकीकत मुख्यतः औरंगजेबाच्या बाजूच्या पत्रांवरून हाती येते. त्याचा मुनशी काबिल खान याच्या हातची ही फारसी पत्रे ‘आदाब-इ-आलमगिरी’ या संग्रहात आहेत. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी या मोहिमेची जुळणी केली ती प्रामुख्याने त्यांच्याच आधारे. पत्रे लष्करी आहेत. कोणता सरदार कुठे होता, कोण उशिरा पोचला, कोणाला समज दिली, हे त्यांत बारकाईने येते. रयत येते ती दोनच रूपांत: लुटली गेलेली किंवा शत्रूला सामील झालेली. या दोहोंच्या मधले तिचे जगणे आपल्याला तारखांवरून आणि हुकमांच्या शब्दांवरून ताडावे लागते.

तारीखच पाहा. भीमाकाठी एप्रिलअखेर म्हणजे रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात किंवा पेवात गेलेली, कडब्याच्या गंजी रचलेल्या. नवे पीक पावसावर अवलंबून, म्हणजे कित्येक महिने दूर. तीन हजार घोड्यांना रोज वैरण लागते, दाणा लागतो. या दिवसांत तो गावातच असतो आणि गावाला वर्षभर पुरवायचा असतो. म्हणून अशा स्वारीत सोनेनाणे गेले याहून बियाणे आणि वैरण गेली हा घाव मोठा असणार, असे मला वाटते.

मराठे पुढे थेट अहमदनगरच्या वेशीपर्यंत गेले. किल्ल्याच्या आसऱ्याला असलेल्या पेठेवर त्यांनी हात टाकला, पण किल्ल्यातली शिबंदी वेळीच बाहेर पडल्याने लूट अर्धवट राहिली. तरी घबराट एवढी पसरली की किल्लेदार मुल्तफत खानाने शहरातल्या लोकांची मालमत्ता किल्ल्यात हलवली. पेठेतल्या सावकाराला, सराफाला, कापडवाल्याला निदान ही सोय होती. परगण्यातल्या कुणब्याचा माल म्हणजे पेवातले धान्य आणि दावणीची जनावरे. ती कोणी किल्ल्यात नेली नाहीत. २८ एप्रिलच्या सुमारास मुल्तफत खान बाहेर पडला आणि वेढ्यात सापडलेल्या चांभारगोंद्यापाशी त्याने मिनाजीला हटवले. त्याच सुमारास शिवाजी महाराजांनी दोरांच्या शिड्या लावून रात्री जुन्नर गाठले आणि तीन लाख होन व दोनशे घोडे नेले.

आता औरंगजेबाचा हुकूम. आपल्या सरदारांना त्याने बजावले की शिवाजीच्या मुलखात चहूकडून शिरा, गावे उद्ध्वस्त करा, माणसे मारायला कचरू नका, पुणे आणि चाकण पार उजाड करा. इथवर हा शत्रूच्या प्रदेशाविषयीचा हुकूम आहे. पण त्याला एक पुढचे कलम आहे आणि ते आपल्याच रयतेबद्दल आहे. बादशाही मुलखातले जे पाटील आणि रयत आतून शत्रूला मिळाले असतील त्यांनाही दया न दाखवता ठार करा.

या कलमापाशी मी थांबतो. दारात तीनशे स्वार उभे असताना पाटलाने वाट दाखवली, दाणा काढून दिला, तर तो फितूर की लाचार? हुकमात हा भेद नाही. गावाच्या वसुलीला तोच जबाबदार, गावाच्या वतीने बोलणाराही तोच, त्यामुळे दोन्ही फौजांची गाठ प्रथम त्याच्याशीच पडे. दोन फौजांच्या अशाच कात्रीत बारा वर्षांपूर्वी, १६४५ मध्ये, इंग्लंडच्या यादवी युद्धात डॉर्सेट आणि विल्टशरचे गावकरी सोटे घेऊन राजाच्या आणि पार्लमेंटच्याही सैन्याला आडवे गेले होते. त्याआधी १६२८ मध्येच तिथल्या पार्लमेंटने लोकांच्या घरांत सैनिक उतरवण्याविरुद्ध राजाकडे लेखी हक्क मागितला होता. आपल्याकडच्या कुणब्याचा मात्र खरा उपाय एकच होता, गाव सोडून परागंदा होणे. वसाहत उठली की वसूल बुडे आणि मग कौल देऊन लोकांना परत बोलवावे लागे.

शिवाजी महाराजांनी ही गोष्ट किती नेमकी जाणली होती ते मे १६७४ च्या पत्रात दिसते. राज्याभिषेकाला महिनाही उरला नव्हता. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना ते लिहिले आहे. दाणा-वैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, असे ते सुरुवातीलाच सुनावते. मग तुम्ही कुणब्यांकडे जाल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी. जे कुणबी घर धरून राहिले आहेत तेही निघून जातील, काही उपाशी मरतील, आणि त्यांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल. पैसा दिला आहे, लागेल ते बाजारातून विकत घ्या. पुढे आगीचा इशारा आहे. गवताजवळ चूल पेटवू नका, तंबाखूची आग जपा, रात्री दिवा ठेवू नका, कारण उंदीर जळती वात ओढून नेतो.

सैन्याने असे वागू नये म्हणून हुकूम निघतो तेव्हा सैन्य तसे वागत होते किंवा वागेल अशी भीती होती, हे उघड आहे. भीमाकाठच्या गावांनी मराठी घोडदळाची लूट सोसली होती, हेही लपवण्याचे कारण नाही. तरी या पत्राचे मोल मला मोठे वाटते, कारण कुणबी आपल्याविषयी काय म्हणेल हा प्रश्न त्यात सेनापतीच्या हिशेबात शिरला आहे. १६५७ च्या मोगली पत्रांत तो मला कुठे आढळत नाही.

औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षांत, रयत शत्रूला सामील असल्याचा तोच संशय पुन्हा फर्मानात आला. त्याच्या सैन्यात राहिलेला भीमसेन सक्सेना ‘दिलकुशा’ या फारसी ग्रंथात लिहितो की बादशाही मुलखातले शेतकरी मराठ्यांना साथ देतात अशी तक्रार दरबारी गेली, तेव्हा गावोगावची घोडी आणि हत्यारे जप्त करण्याचा हुकूम सुटला. बहुतेक गावांत जप्ती झाली. त्यावर शेतकऱ्यांनी नवी घोडी आणि हत्यारे मिळवली आणि ते मराठ्यांना जाऊन मिळाले.