एकादशी एक, नावं अनेक

आषाढी आणि कार्तिकी ही नावं आपल्या दिंडीच्या तोंडी शंभर वर्षं आहेत. पण ती आली कुठून, हे नव्या पोरांनी विचारलं तर पुष्कळांना सांगता येत नाही. म्हणून आम्हाला ठाऊक आहे तेवढं इथं लिहितो.

एकादशी म्हणजे पंधरवड्यातली 11 वी तिथी. वर्षाला 24, अधिक महिना आला की 26. महिन्याचं नाव नक्षत्रावरून पडलं. आषाढी पुनवेला चंद्र पूर्वाषाढा-उत्तराषाढाजवळ असतो, कार्तिकी पुनवेला कृत्तिकांजवळ. म्हणजे आपलं नाव आभाळातून आलं.

पंचांगात आषाढीला शयनी लिहितात आणि कार्तिकीला प्रबोधिनी. शयन म्हणजे झोप, प्रबोध म्हणजे जाग. देव 4 महिने शेषावर झोपतो, तोच चातुर्मास. गुजराती माणूस आषाढीला देवपोढी अगियारस म्हणतो. आपलं पहुडणं, ते त्यांचं पोढणं. हिंदी मुलखात कार्तिकीला देवउठनी ग्यारस म्हणतात. अगियारस काय नि ग्यारस काय, आपली अकरावीच ती.

तेलुगू मुलखात आषाढीला तोली एकादशी म्हणतात आणि कानडीत प्रथम एकादशी. दोन्हीचा अर्थ पहिली. तिथून पुढं सणांची रांग लागते, म्हणून पहिली. तेलंगणात त्या दिवशी ज्वारीच्या लाह्यांचं पीठ गूळ घालून खातात.

पंढरीत कानडी, तेलुगू माउली भेटतात. त्यांच्या तोंडचं नाव ऐकून आपली पोरं हसतात, "एकादश्या तर चैत्रापासून झाल्या, ही पहिली कशी?" हसू नये. कुणी झोपेवरून नाव ठेवलं, कुणी रांगेवरून, कुणी आभाळावरून. दिवस तोच, देव तोच.

आता कीर्तनात आम्हाला विचारतात, महाराज, देव झोपतो त्या दिवशी आपण भेटायला का जायचं? त्याचं उत्तर पंढरीतच आहे. आषाढी जवळ आली की देवळात देवाचा पलंग काढतात. रात्रंदिवस दर्शन चालतं. देवाला शेजारती नाही, झोप नाही. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते, मगच देवाला विसावा. जगात ज्या दिवसाचं नाव झोपेवरून पडलं, त्याच दिवशी आपला विठोबा लेकरांसाठी जागा उभा असतो. म्हणूनच वारकऱ्याच्या तोंडी शयनी बसलं नाही, आषाढीच बसलं, असं आम्हाला वाटतं.

पोरांना उपास शिकवाल तसं हे नावही समजावून सांगा.

रामकृष्ण हरी.