दरडीतलं हाड

पावसाळ्यात गोदावरीची दरड कोसळली की खालच्या खडीत कधीमधी मोठालं हाड उघडं पडायचं. वजनाला दगड, वाजवलं तर खणखणायचं. आजी म्हणायची, "राक्षसाचं हाये ते, घरात नको आणू." मग ते पुन्हा नदीत जायचं.

या हाडांचा धनी कोण, हे १९०५ सालीच छापून आलं होतं. पिल्ग्रिम नावाच्या भूवैज्ञानिकानं आमच्या नांदूर मधमेश्वरच्या गाळातल्या हत्तीची नोंद केली. आजच्या हत्तीपेक्षा थोराड असलेली ही जात आता नामशेष आहे. नर्मदेकाठी आधी सापडली, म्हणून तिच्या नावात 'नमाडिकस' आलं. त्याच नावाचा रानबैलही होता.

हिमयुग म्हटलं की बर्फातला केसाळ मॅमथ आठवतो. आपल्याकडं बर्फ नव्हतं. पाऊसमान मात्र बदलत राहिलं. नदीनं कधी खडी टाकली, कधी गाळ.

या थरांचं वय सांगायचं कसं? इंग्लंडात कालव्यांच्या कामावर मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथच्या ध्यानात आलं, की प्रत्येक थरातले शिंपले निराळे. त्यावरून त्यानं १८१५ मध्ये अख्ख्या मुलखाचा भूनकाशा काढला. तीच रीत हाडांना लागू. नमाडिकस हत्ती ज्या थरात, तो थर हिमयुगाचा, म्हणजे ११,७०० वर्षांहून जुना. नेमका आकडा मात्र एकट्या हाडातून निघत नाही. कार्बनची पद्धत साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच चालते. त्यापलीकडं हाड कुठल्या थरात, कशाच्या वर, कशाच्या खाली होतं, त्यालाच मोल.

ते माणसासाठीही मोलाचं. प्रवरेकाठी नेवाशाला सांकलियांना खडीच्या थरात प्राण्यांच्या अश्मीभूत हाडांबरोबर दगडी हत्यारं मिळाली. हत्यारावर साल कोरलेलं नसतं. सोबतचं जनावर त्याची साक्ष देतं.

आता दरड पावसाची वाट बघत नाही. वाळूला आणि वीटभट्टीच्या मातीला जेसीबी लागतो, एका रात्रीत दोन पुरुष खोल. ट्रॉलीत पडलेलं हाड हाडच राहतं, पण त्याचा थर गेलेला असतो.

म्हणून पोरांना सांगतो, हाड दिसलं तर उपसू नका. शेजारी खोरं ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा, पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. आजीचंही तेच म्हणणं होतं, घरात आणू नका.