रेड स्पेशल

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे (जन्म १९ जुलै १९४७) यांनी वडील हॅरल्ड मे यांच्यासह घरी घडवलेली इलेक्ट्रिक गिटार. काम ऑगस्ट १९६३ मध्ये लंडनच्या पश्चिमेकडील राहत्या घरी सुरू झाले आणि १९६४ साली गिटार वाजू लागली. १९७३ च्या पहिल्या अल्बमपासून क्वीनच्या ध्वनिमुद्रणांतला बहुतेक गिटारचा आवाज हिचाच आहे.

फेंडर स्ट्रॅटोकास्टर विकत घेणे या कुटुंबाला परवडणारे नव्हते. मात्र हॅरल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते आणि घरातला टीव्हीही त्यांनी स्वतः जोडला होता. नेकसाठी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड मिळाले. त्यातली किडीची भोके काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. मधला ठोकळा जुन्या टेबलाच्या ओकचा, बाकीचे अंग ब्लॉकबोर्डचे आणि वरून महोगनीचा पातळ पापुद्रा, असे हे लाकूडकाम आहे. फिंगरबोर्डवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या. हा तपशील इतका चविष्ट आहे की रेड स्पेशलबद्दलचे बहुतेक लिखाण तिथेच रेंगाळते आणि वाचकाला वाटते, आवाजाचे रहस्य शेकोटीच्या लाकडात दडले आहे. प्रत्यक्षात या गिटारचे वेगळेपण तिच्या जोडणीत आणि यंत्ररचनेत अधिक आहे.

गिटारला तीन पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विद्युत संदेशात बदलणारे भाग, आहेत. सुरुवातीचे पिकअप मे यांनी स्वतः लोहचुंबकांवर तार गुंडाळून केले होते. ते वाजत चांगले, पण तार बाजूला खेचली की चुंबकांच्या ध्रुवांच्या मांडणीमुळे मध्येच विचित्र खरखर येई. तार खेचून मींड काढणे हाच ज्याच्या वादनाचा प्राण, त्याला हे चालण्यासारखे नव्हते. त्यामुळे बर्न्स कंपनीचे ‘ट्राय-सॉनिक’ पिकअप विकत घेतले गेले. त्यांतही मे यांनी अॅराल्डाइट ओतून गुंडाळी घट्ट केली, म्हणजे मोठ्या आवाजात ती स्वतः थरथरून शिट्टी मारणार नाही.

खरी किमया या पिकअपांच्या जोडणीत आहे. स्ट्रॅटोकास्टरमध्ये दोन पिकअप एकत्र लावले की ते समांतर जोडले जातात. आवाज स्वच्छ, काहीसा पातळ येतो. रेड स्पेशलमध्ये तिन्ही एकसर जोडणीत आहेत. एकात दुसऱ्याची भर पडून संदेश जोरकस होतो, वरच्या कंप्रता थोड्या मवाळ होतात आणि मधला पट्टा भरदार येतो. मे यांच्या लांबलचक सुरांतला मानवी गळ्याचा भास बराचसा इथून येतो.

प्रत्येक पिकअपला दोन सरकते स्विच आहेत : एक चालू-बंद करणारा, दुसरा संदेशाची कला (फेज) उलटवणारा. दोन पिकअपांच्या कला परस्परविरुद्ध केल्या की त्यांच्यात जे सारखे असते, विशेषतः खालचे स्वरांश, ते एकमेकांना खोडतात. उरतो तो टोकदार, नाकातून आल्यासारखा आवाज. एकट्या पिकअपची कला उलटवून कानाला काहीच फरक पडत नाही. म्हणून हिशेब केला तर एकेकट्याचे ३, जोड्यांचे ६ आणि तिघांचे ४, असे एकूण १३ वेगळे आवाज निघतात. नेहमीच्या पाच-घरी स्विचला हे साधत नाही. त्याची किंमतही आहे. सहा बारीक स्विच गाण्याच्या मधोमध अचूक सरकवणे नवख्याला अवघड जाते, आणि समोर खुणेची पट्टी नसल्याने सगळे बोटांच्या सवयीवर चालते.

हाताळणीच्या बाबतीत पहिली लक्षात येणारी गोष्ट तारेची लांबी. ती २४ इंच आहे. फेंडरच्या गिटारांत ती साधारण २५.५ इंच असते. तीच तार, तोच स्वर, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे इथे तो सुमारे ११ टक्के कमी पडतो. तारा मऊ लागतात आणि खेचायला हलक्या जातात. याउलट नेक बरीच रुंद व जाड आहे. लहान हाताच्या वादकाला ती अडचणीची वाटेल. मे यांचे हात मोठे. गिटार त्यांच्या मापाची आहे, इतकेच.

दुसरी गोष्ट ट्रेमोलो, म्हणजे दांड्याने तारांचा ताण बदलून सूर हलवणारी रचना, आणि माझ्या मते या गिटारमधले सर्वांत बुद्धिमान काम तेच. त्या काळी ट्रेमोलोचा दांडा दाबून सोडला की तारा अनेकदा सुरावर परत येत नसत. कारण घर्षण. तार जिथे जिथे घासते तिथे थोडी अडकते. म्हणून बापलेकांनी तारा बांधलेला भाग कडक पोलादाच्या धारेवर तोलला आणि तारांच्या ताणाविरुद्ध १९२८ च्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा बसवल्या. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली छोटा रोलर ठेवला. दुसऱ्या टोकाला शून्य क्रमांकाची फ्रेट दिली, त्यामुळे मोकळी तारही धातूवरच टेकते. दांडा सायकलच्या पिशवीच्या आधारकांबीचा, त्याचे टोक आईच्या विणायच्या सुईचे. इथेही घरगुती सामान आहेच, पण ते कशासाठी निवडले हे कळल्याशिवाय त्याची गंमत अर्धीच राहते.

अंगात मुद्दाम पोकळ्या ठेवल्या आहेत. वर एक उघडे छिद्र कापायचाही बेत होता, तो तसाच राहिला. स्पीकरमधून आलेला आवाज लाकडाला आणि तारांना पुन्हा कंपित करतो, सूर विझत नाही. हा ‘फीडबॅक’ इतर वादक टाळत असताना इथे तो आराखड्यातच धरला होता.

गिटार एकटी हा आवाज काढत नाही. मे व्हॉक्स एसी ३० अॅम्प्लिफायर पूर्ण आवाजावर ठेवतात आणि त्याआधी ट्रेबल बूस्टर लावतात. एकसर जोडणीत मंदावलेली वरची धार त्यामुळे परत येते. आवाज फाटका हवा की स्वच्छ, हे गिटारच्याच व्हॉल्यूम बटणाने ठरते. प्लेक्ट्रमऐवजी ते सहा पेन्सचे जुने नाणे वापरतात. त्याची दातेरी कड तारेवर तिरकी घासली की सुराच्या आरंभाला खरखरीत उच्चार मिळतो, जणू व्यंजन. क्वीनच्या १९७० च्या दशकातील अल्बमांवर सिंथेसायझर वापरला नसल्याची नोंद छापलेली असे. १९७५ च्या ‘गुड कंपनी’ या गाण्यातला जॅझ बँड गिटारचाच आहे, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागते. मात्र तिथे बेसवादक जॉन डीकन यांनी टाकाऊ सर्किटपासून केलेला छोटा अॅम्प्लिफायरही कामाला आला आहे.

गिटारची मोठी दुरुस्ती १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियन कारागीर ग्रेग फ्रायर यांनी केली. त्यांनी तिच्या तीन बारकाईच्या प्रतिकृतीही घडवल्या. कारखान्यातल्या प्रतिकृतींचा अनुभव संमिश्र आहे. गिल्ड कंपनीच्या १९८४ च्या गिटारचे रूप ओळखीचे होते, पण पिकअप डिमार्झिओचे आणि ट्रेमोलो काहलरचा. सध्या ‘ब्रायन मे गिटार्स’ या नावाने विकल्या जाणाऱ्या वाद्यांत २४ इंची लांबी, ट्राय-सॉनिक धर्तीचे पिकअप आणि सहा स्विच जसेच्या तसे आहेत. ट्रेमोलो मात्र बाजारात तयार मिळणारा, विल्किन्सनचा.