पूजेला कुणी बसावं

आषाढी एकादशीच्या पहाटे पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीची शासकीय महापूजा होते. मुख्यमंत्री सपत्नीक बसतात आणि त्यांच्याशेजारी बसतं दर्शनबारीत सर्वांत पुढे असलेलं एक वारकरी जोडपं. आजच्या तरुणांना ही पूजा वारीइतकीच जुनी वाटते. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काही काळ सरकारने ती केलीच नव्हती. ते योग्य की अयोग्य, हा वाद आमच्या घरात आप्पा जाईपर्यंत मिटला नाही.

आमचं गाव सांगोला तालुक्यातलं. भल्या पहाटे चालायला लागलं की रात्रीपर्यंत चंद्रभागा. आप्पा, म्हणजे माझे आजोबा, माळकरी. काका शिक्षक, राष्ट्र सेवा दलात वाढलेले. दोघांना जोडणारी एक गोष्ट होती, १९४७ सालची, आणि ती सांगताना दोघंही एकाच बाजूचे असत.

विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ला पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषणाला बसले. आप्पा तेव्हा विशीतले. ते सांगत, गावात दोन तट पडले होते, आणि वाईट याचं की माळकऱ्यांतही पडले होते. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ. आत जायला मात्र त्यांच्या जातभाईंना बंदी. ‘वर्षानुवर्षं आम्ही त्या समाधीला हात लावून आत जायचो, आणि मागं कोण राहिलं ते बघायचो नाही,’ असं आप्पा म्हणत. १० मेला उपोषण सुटलं, दार उघडणार हे ठरलं. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदाही केला. दार उघडण्याआधी मूर्तीतलं तेज मंत्राने घागरीत काढून घेतलं होतं, अशी गोष्ट पंढरपूर परिसरात अजून सांगतात. तिथे आले की आप्पांचा आवाज चढे. ‘घागरीत मावणारा देव असता, तर आम्ही कशाला चालत गेलो असतो?’

आपल्याकडे धर्म आणि सरकार यांच्यात अंतर असावं असं म्हणताना ही गोष्ट विसरून चालत नाही. सरकार दाराबाहेर हात बांधून उभं राहिलं असतं, तर एका उपोषणाने उघडलेलं दार पुन्हा कुणी लावून घेतलं नसतं, याची हमी कोण देणार होतं? राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने श्रद्धेचं स्वातंत्र्य दिलं आणि त्यातच हिंदूंची सार्वजनिक देवस्थानं हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकारही राज्याला दिला. देवस्थानाचे पैशाचे व्यवहार तपासण्याची मुभा त्याच अनुच्छेदात आहे. २७व्या अनुच्छेदाने मात्र बजावलं की एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कुणालाही कर द्यायला भाग पाडायचं नाही. माणसाला आत घेण्यासाठी सरकारने यावं, देवाला मोठं करण्यासाठी येऊ नये, असा मी याचा अर्थ लावते.

काकाही तोच लावत. १९७०च्या सुमारास समाजवादी मंडळींनी जाहीर विरोध केला, की निधर्मी राज्याने पूजा करणं बरोबर नाही. पुढच्या आषाढीला शासकीय पूजा झाली नाही. आप्पांनी काकांना विचारलं, ‘तुझ्या सरकारला इठोबा जड झाला का रे?’ काका म्हणाले, ‘आप्पा, मुख्यमंत्र्यांनी घरच्या देव्हाऱ्यात रोज पूजा करावी. वारीत चालावं. पण राज्याच्या नावाने बसायचं तर त्या राज्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, बौद्ध आहेत, काहीच न मानणारेही आहेत. त्यांच्या वतीने कसं बसणार?’

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला.

आमच्या भागात तो आजही नुसत्या सालावरून ओळखतात, ‘भात्तर’ म्हटलं की पुरतं. विहिरी आटल्या, जनावरं दावणीवरून सुटली. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. घरी मिलो ज्वारीची लाल भाकरी. खडीच्या ढिगाऱ्यावर बायका एकमेकींना सांगत, राजाने देवाची पूजा चुकवली म्हणून पाऊस रुसला. आजीचाही तोच विश्वास होता. काका परोपरीने सांगत, की पूजा झाली त्या सालीसुद्धा आपल्याकडे पाऊस तुटकाच होता. कोण ऐकणार? उपाशी माणसाला कारण हवं असतं, आणि हे कारण हाताशी होतं. १९७३ला मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात पूजा पुन्हा सुरू झाली.

त्या बायकांना मी अडाणी म्हणणार नाही. ज्यांच्या पोटापर्यंत सरकार कधी पोचलंच नव्हतं, त्यांनी राजा निदान देवापुढे तरी आपल्यासाठी वाकावा एवढीच अपेक्षा केली. पण आजीला त्या साली जगवलं ते खडीच्या मजुरीने. याच दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य ठरलं. माझ्या लेखी विठोबाच्या माणसांसाठी महाराष्ट्र सरकारने केलेली सर्वांत मोठी सेवा तीच.

देवळाच्या कारभारातही सरकारने जे केलं ते मला योग्य वाटतं. उत्पन्नाच्या हक्कांचे लिलाव व्हायचे. भाविकांच्या तक्रारींवरून नाडकर्णी आयोग नेमला गेला आणि १९७३चा पंढरपूर मंदिरे कायदा आला. बडवे-उत्पात या पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले. त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल लागला तो २०१४च्या जानेवारीत. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागवले. तोवर आप्पा उरले नव्हते. काका होते, आणि ती बातमी त्यांनी मला फोन करून वाचून दाखवली.

आप्पांचं शेवटपर्यंत एकच म्हणणं राहिलं, की वारकऱ्याच्या मांडीला मांडी लावून मुख्यमंत्री बसतो ती एकच वेळ, ती का घालवता? हे म्हणणं मला हलकं वाटत नाही. पण गेल्या काही वर्षांत त्या पूजेचं काय झालं तेही दिसतं. प्रश्न कोणताही असो, ‘मुख्यमंत्र्यांना पूजा करू देणार नाही’ हा इशारा ठरलेला. २०१८च्या आषाढीला मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे मुख्यमंत्री पंढरपूरला गेलेच नाहीत; त्यांनी मुंबईत ‘वर्षा’ बंगल्यावर पूजा केली. मंदिरातली पूजा बारीतल्या वारकरी जोडप्याच्या हातून झाली, आणि त्यात कुठे काही उणं पडलं नाही.

म्हणून माझी विनंती आहे. पूजेचा मान बारीतून आलेल्या त्या जोडप्याला द्या, पूर्णपणे द्या. मुख्यमंत्र्यांनी जरूर यावं, बारीत उभं राहून दर्शन घ्यावं. आणि सरकारने वाळवंटातली घाण, चंद्रभागेचं पाणी, पालखीमार्गावर बायकांसाठी आडोसा आणि दवाखाने एवढं नीट सांभाळावं.