माजघराची भिंत

शहापुरातले आमचे घर पणजोबांनी बांधले, तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होते. पुढे मुंबई राज्य आले, १९५६ साली म्हैसूर, आणि १९७३ साली त्याचेच कर्नाटक झाले. एवढ्या घडामोडींत माजघराची भिंत जागची हलली नाही. ती फुगली १९८७ च्या पावसाळ्यात, आणि त्याला कारण आम्हीच होतो.

भिंत दगडमातीची. दरसाल दसऱ्याआधी आजी पोपडे खरवडून काढी. भाताचा भुसा घातलेली माती चार-आठ दिवस कुजवायची, भेगा लिंपायच्या आणि वाळल्यावर चुन्याची सफेती द्यायची, एवढीच दुरुस्ती. सावकारांच्या वाड्यांत घाणीत मळलेला चुना असे, त्यात गुळाचे आणि हिरड्याचे पाणी. चुनखडी भाजून केलेली कळी पाण्यात विरवली की तिचे लोणी होते. भिंतीवर चढल्यावर हवेतला कर्बवायू घेत तेच पुन्हा सावकाश चुनखडी बनते, पण सच्छिद्र राहते.

ही रीत फार जुनी. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. आजीचा भुसा दुसरे काय करीत होता? ‘गिलावा’ हा शब्द फारसीतला. गिल म्हणजे माती, आब म्हणजे पाणी. आमचे कानडी गवंडी गिलावच म्हणतात, आणि त्यांचा ‘सुण्णा’ व आपला ‘चुना’ दोन्ही संस्कृत ‘चूर्णा’ची लेकरे. भाषेवरून भांडणाऱ्यांनी कधी भिंत लिंपताना कान द्यावा.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात १८२४ साली निघाले; आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यात ते १९१४ साली होऊ लागले. आमच्यासारख्यांना ते परमिटवर मिळे. १९८२ साली नियंत्रण अंशतः उठले (त्याच वर्षी सिमेंटच्या वाटपावरून महाराष्ट्रात मुख्यमंत्रिपदही गेले) आणि १९८९ साली पूर्ण. मिळू लागले म्हणजे वापरलेच पाहिजे, असे काकांना वाटले. १९८५ साली माजघराला सिमेंटचा गिलावा झाला. गुळगुळीत भिंत पाहायला सारी आळी येऊन गेली. आजी तेवढी काही बोलली नाही.

जोत्यातून चढणारी ओल पूर्वी भिंतीतून उडून जाई. आता तिची वाट अडली. क्षार आत साचले, लोणा फुटला, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात परातीएवढा गिलावा देव्हाऱ्याशेजारी कोसळला. आम्ही त्यावर पुन्हा सिमेंट लावले. पुढे तीस-पस्तीस वर्षे हेच करीत राहिलो, आणि दोष बेळगावच्या पावसाला दिला.

यंदा धाकटे बंधू म्हणाले, टाइल्स लावून टाक, म्हणजे दिसायचे नाही. गवंडीमामांनी भिंतीला कान लावून बोटाने टकटक केली आणि अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत सांगितले, “हे सगळं काढा. भिंत वाळू द्या.”

मे महिन्यात सिमेंट उतरवले. आत आजीच्या बोटांच्या लिंपणाच्या रेघा निघाल्या. पाऊस सरला तरी खालचा हातभर भाग अजून दमट आहे, म्हणून या दिवाळीत भिंत उघडीच राहील. कोनाड्यात पणती लावू. फराळाचे डबे मात्र स्वयंपाकघरात.